रस्त्याच्या कडेला वाहन थांबविताना

(शिकाऊ वाहनचालकांसमोर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



वाहन चालविण्याच्या चाचणीची भीती बहुतेक उमेदवारांना वळणाची, चढावाची किंवा वाहन मागे घेण्याची वाटते. त्यासाठी ते आठवडेच्या आठवडे सराव करतात. परंतु चाचणी चालू असता मोटार वाहन निरीक्षक सहज म्हणतात, "पुढे योग्य जागा पाहून गाडी डावीकडे थांबवा," आणि अनेकांची खरी कसोटी तेथेच लागते.

या वाक्यातील 'योग्य जागा' हे दोन शब्द महत्त्वाचे होत. जागा कोणती, हे निरीक्षक सांगत नाहीत. ती उमेदवाराने निवडावयाची असते. घाबरलेला उमेदवार हुकूम ऐकताच आहे तेथेच चाक डावीकडे वळवितो. मग ते बसथांब्यासमोर असो, कुणाच्या फाटकासमोर असो वा वळणावर असो. हुकमाची तत्काळ अंमलबजावणी हा येथे गुण नव्हे. जागा अयोग्य असेल तर थोडे पुढे जाऊन थांबणे, हेच योग्य उत्तर होय. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांमधील पंधराव्या नियमात चाचणीच्या बाबी दिल्या आहेत. आणीबाणीच्या प्रसंगी वाहन थांबविता येणे आणि एरव्ही ते रस्त्याच्या योग्य भागी आणून उभे करता येणे, या दोहोंचा त्यांत समावेश आहे.

थांबण्याचा क्रम

प्रथम आतील व डावीकडील आरशात पाहावे. डाव्या बाजूने एखादा सायकलस्वार येत आहे काय, याची खात्री करावी. त्यानंतर डावा इशारादर्शक दिवा लावावा, वेग हळूहळू कमी करावा आणि वाहन रस्त्याच्या कडेशी समांतर आणावे. चाक पदपथाच्या कडेवर चढता कामा नये. त्याचप्रमाणे वाहन कडेपासून हातभर दूरही राहू नये. वीत-दीड वीत अंतर पुरेसे असते. वाहन पूर्ण थांबल्यावर हातब्रेक ओढावा, गिअर मोकळा करावा आणि इशारादर्शक दिवा बंद करावा.

वाहन सोडून जावयाचे असल्यास इंजिन बंद करणे व ब्रेक लावणे हे कायद्यानेच बंधनकारक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२६ मध्ये तशी तरतूद आहे. उतारावर उभे करताना पुढची चाके पदपथाकडे वळवून ठेवावीत आणि मागचा गिअर टाकावा. चढावर चाके रस्त्याकडे वळवावीत व पहिला गिअर टाकावा. ब्रेक सुटलाच तर चाक पदपथाच्या कडेला अडते आणि वाहन रहदारीत घरंगळत जात नाही.

यानंतरची चूक सर्वांत घातक असते. आपल्याकडे चालकाचे आसन उजवीकडे असल्याने त्याचे दार वाहत्या रहदारीकडे उघडते. मागे न पाहता उघडलेले दार सायकलस्वारावर वा दुचाकीस्वारावर आदळते. तो कोसळतो आणि मागून येणाऱ्या वाहनाखाली सापडू शकतो. यावर साधा उपाय आहे. उजवे दार डाव्या हाताने उघडण्याची सवय लावावी. त्यामुळे शरीर आपोआप वळते आणि नजर मागे जाते.

कोठे थांबू नये

मोटार वाहन चालविण्याबाबतच्या २०१७ च्या विनियमांनी वाहन कोठे उभे करू नये, हे स्पष्ट केले आहे. पदपथ, सायकलमार्ग व पादचारी पट्टे यांवर वाहन उभे करण्यास मनाई आहे. चौकाच्या अलीकडे व पलीकडे ५० मीटरपर्यंतही मनाई आहे. यामागे कारण आहे. चौकात शिरणाऱ्या चालकाला आडव्या रस्त्यावरील वाहन दिसले पाहिजे. पट्ट्याजवळ उभ्या असलेल्या मोटारीआडून शाळकरी मूल रस्त्यावर उतरले, तर चालकाला ते अखेरच्या क्षणीच दिसते.

उभे वाहन निरुपद्रवी असते, हा समज चुकीचा आहे. धोका किंवा अडथळा होईल अशा रीतीने सार्वजनिक ठिकाणी वाहन सोडून जाण्यास कलम १२२ अन्वये बंदी आहे. साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात उसाने भरलेली ट्रॉली रात्री दिव्याविना, परावर्तकाविना रस्त्यावर उभी राहते. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला अंधारात ती दिसत नाही. घाटात बंद पडलेल्या ट्रकच्या चाकाखाली दगड लावण्यात येतो. ट्रक दुरुस्त होऊन निघून जातो, पण दगड रस्त्यातच राहतो आणि पुढे कुणाच्या तरी अपघातास कारण होतो. या दोन्ही ठिकाणी वाहन चालविण्याचे कौशल्य कमी पडलेले नसते. आपल्या मागून कोणी येणार आहे, याचा विसर पडलेला असतो.

चाचणीत अपयश आल्यास सात दिवसांनंतर ती पुन्हा देता येते. तेव्हा निरीक्षकांनी 'थांबा' म्हटल्यावर उमेदवाराने गडबडू नये. आरसा, इशारा, जागा आणि मागून येणारा माणूस, या चार गोष्टींचा क्रमाने विचार करावा. अनुज्ञप्ती हाती आल्यावर शेजारी निरीक्षक बसलेले नसतात, मात्र मागून येणारा माणूस रोजच असतो. त्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी वाहन थांबल्यावरही चालकावरच राहते.