वाटेचा हक्क



नेपाळला समुद्र नाही. त्याचा माल कोलकाता-हळदियाला उतरतो आणि भारतातून वर चढतो. ही वाट म्हणजे भारताची मेहेरबानी की नेपाळचा हक्क, हा मूळ प्रश्न आहे. १९८२ च्या सागरी कायद्याच्या आंतरराष्ट्रीय कराराने भूवेष्टित देशांचा हा हक्क मान्य केला. अटी मात्र वाट देणाऱ्या देशाशी ठरवाव्यात, अशी मेखही मारून ठेवली.

त्या मेखेचा अर्थ १९८९ मध्ये कळला. करारांची मुदत संपताच राजीव गांधी सरकारने पारगमनाची १५ पैकी १३ नाकी बंद केली. पुढे १९९६ ते २००६ च्या यादवीतून उठलेल्या आणि भूकंपाने खचलेल्या या देशाने २०१५ मध्ये संविधान स्वीकारले, तोच रक्सौल-वीरगंज नाक्यावर इंधनाचे टँकर पुन्हा अडले. मधेशींच्या तक्रारी खोट्या नव्हत्या. पण चुली विझल्या त्या काठमांडूच्या गरिबांच्या. नाकेबंदी आपली नव्हे, असे दिल्ली म्हणत राहिली!

२०१६ मध्ये काठमांडूने चीनशी पारगमन करार केला. हिमालयापलीकडची बंदरे हजारो किलोमीटर दूर. तेव्हा हा करार मालवाहतुकीपेक्षा वाटाघाटीतील वजनासाठीच अधिक.

नोव्हेंबर २०२४ मध्ये नेपाळची वीज भारतीय तारांवरून बांगलादेशात पोचली. अवघी ४० मेगावॅट, पण दिशा योग्य.

१९४३ मध्ये जयप्रकाश-लोहियांना नेपाळच्या तराईने आसरा दिला होता. भारत-नेपाळ पारगमन करार आजही सात-सात वर्षांच्या मुदतीचा आहे. ही मुदतच काढून टाकावी, अशी मागणी समाजवाद्यांनी दिल्लीकडे केली पाहिजे.