देश डाडीचा, नाव कुणाचं?



‘स्त्री आणि नागरिकत्व’ या विषयावर मला बोलायचं आहे. कायद्याचं सांगेनच, पण माझ्या आजीच्या निमित्तानं. सिंधीत बापाच्या आईला डाडी म्हणतात. फाळणीनंतर सिंधमधून आलेली अनेक कुटुंबं नागपुरात जरीपटक्याला वसली, त्यातलंच आमचं एक. 6 जानेवारी 1948 ला कराचीत दंगल झाली. त्यानंतर काही आठवड्यांतच डाडी शिकारपूरचं घर सोडून बोटीनं मुंबईला आणि तिथून रेल्वेनं इथं आली.

या देशावर तिचं फार प्रेम. पण ते घोषणांचं नव्हतं, कष्टाचं होतं. पापड लाटून ती दारोदार विकायची. मराठी शिकली ती गिऱ्हाईक बायांकडून, म्हणून तीही वऱ्हाडी! “काहून वं माय” म्हणत भाव करायची. ती राहिली एकाच गल्लीत, राज्यं मात्र बदलत गेली. आधी मध्यप्रांत-वऱ्हाड, 1950 ला मध्यप्रदेश, 1956 ला मुंबई राज्य आणि 1960 ला महाराष्ट्र. ती म्हणायची, “सरकार पाटी बदलते, मी कशाला घर बदलू?”

संविधानाच्या सहाव्या कलमानं 19 जुलै 1948 पूर्वी आलेल्या आणि इथंच राहिलेल्या अशा लोकांना नागरिक मानलं. त्यासाठी आईबापांचा किंवा आजी-आजोबांचा जन्म जुन्या अखंड हिंदुस्थानातला असला तरी चाले. म्हणजे कायद्यानं डाडी स्वतः नागरिक होती. पण रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख आजोबा, ते गेल्यावर माझे वडील. घराच्या कागदावर तर तिचं नाव कधी आलंच नाही. पापडाच्या पैशांनी त्या घराच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या!

बाईचा देश दुसऱ्यांनीच ठरवायचा, हे तेव्हा कायद्यातही होतं. फाळणीत पळवलेल्या स्त्रियांसाठी 1949 साली कायदा झाला. त्यात मुलगा सोळा वर्षांखालचा असेल तरच ‘अपहृत’, स्त्री मात्र कोणत्याही वयाची. भारतात सापडलेल्या मुसलमान स्त्रीला पाकिस्तानात धाडताना तिची इच्छा शेवटचा शब्द नव्हती.

आजही प्रश्न संपलेला नाही. 2019 च्या नागरिकत्व दुरुस्तीनं धर्माची अट घातली. मार्च 2024 मध्ये तिचे नियम आले, आणि पुन्हा कागद मागितले गेले. घाईत घर सोडणाऱ्या बाईजवळ स्वतःच्या नावाचा कागद असतो का? जन्मदाखला नाही, शाळेचा दाखला नाही, लग्नानंतर नाव बदललेलं. मग ती कोणत्याही धर्माची असो, अडते तीच.

एक गोष्ट मात्र आपल्या हाती आली आहे. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनकार्डावर घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री कुटुंबप्रमुख ठरते. घरी जाऊन कार्ड काढून बघा. तिथं कुणाचं नाव आहे? नंतर घराचा कागद बघा. नाव नसेल तर ते लावून घ्यायच्या कामाला लागू या. देशावर प्रेम करायला डाडीला कुणाची परवानगी लागली नाही. मग आपल्या घरावर नाव लावायला ती का लागावी?