मूत्रपिंडाच्या रुग्णाचे मधल्या वेळचे खाणे



आपल्या गोव्यात आजाऱ्याच्या भेटीस कोणी रिकाम्या हाताने जात नाही. शहाळे, केळी अथवा फरसाणाचा पुडा आपण प्रेमाने नेतो. परंतु आजार मूत्रपिंडाचा असेल, तर हीच भेट रुग्णास अपायकारक ठरू शकते. म्हणून आज मधल्या वेळच्या खाण्याविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत.

रक्तातील टाकाऊ द्रव्ये आणि जादा क्षार व पाणी शरीराबाहेर टाकणे हे मूत्रपिंडाचे एक प्रमुख कार्य होय. ते मंदावले म्हणजे पोटॅशियम रक्तात साठू लागते. ते फार वाढल्यास हृदयाचे ठोके अनियमित होतात. प्रसंगी हृदय बंदही पडते. एका मध्यम केळ्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. शहाळ्याच्या पाण्यातही ते विपुल असते. निरोग्यास जे हितकर, ते अशा रुग्णास घातक होते ते यामुळेच. परसातील करंबळ, म्हणजेच कमरख, तर या रुग्णांनी मुळीच खाऊ नये. त्यातील विषारी द्रव्य शरीरात साठून न थांबणारी उचकी, भ्रम व झटके येऊ शकतात.

दुसरा शत्रू मीठ. निरोगी प्रौढानेही दिवसाकाठी ५ ग्रॅमहून कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून पापड, लोणचे, खारे शेंगदाणे, फरसाण व सुकी मासळी वर्ज्य समजावी. 'कमी सोडियमचे' म्हणून मिळणाऱ्या मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते. ते वैद्यकीय सल्ल्यावाचून वापरू नये.

मग खावे तरी काय? बिनमिठाच्या साळीच्या लाह्या, अल्प मिठाचे तांदळाचे घावन, सफरचंदाच्या अथवा अननसाच्या दोन फोडी, हे बहुतेकांस चालते. चवीसाठी जिरे, मिरी अथवा लिंबाचे चार थेंब घालावेत. मधुमेही रुग्णाने प्रमाण विशेष सांभाळावे. पाण्यावर बंधन असल्यास चहा व पेजही त्या हिशेबात धरावी.

मात्र सर्वांस एकच पथ्य लागू पडत नाही. रक्ततपासणी पाहून डॉक्टर जे ठरवतील तेच प्रमाण मानावे. शिक्षकांनी व ग्रामसेवकांनी ही माहिती घरोघर पोहोचवावी. आणि आपण सर्वांनी भेटीस निघण्यापूर्वी रुग्णाच्या घरच्यांस "त्यांना काय चालते?" एवढे अवश्य विचारावे. तेवढ्या विचारपूशीने एखादा जीव वाचू शकेल.