वालधुनीचे पाणी आणि रोहित पक्षी



अंबरनाथचे शिवालय इ. स. १०६० मधले. त्याच्या शेजारून वाहणारी वालधुनी येथील प्रत्येक मुलाने पाहिलेली असते. परंतु हे पाणी पुढे कोठे जाते, हा प्रश्न वर्गात क्वचितच निघतो. वालधुनी उल्हासनगरातून कल्याणजवळ उल्हास नदीस मिळते. बदलापूरहून आलेली ही उल्हास वसईच्या खाडीस जाते व तिचा एक फाटा ठाण्याजवळून ठाणे खाडीत उतरतो. या खाडीकाठचे तिवरांचे रान व पाणथळ भाग शासनाने २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित केला. २०२२ मध्ये त्यास रामसर क्षेत्राचा दर्जा मिळाला.

तिवराची कथा मुलांस विशेष आवडेल. खाडीच्या चिखलात हवा जवळजवळ नसते; म्हणून या झाडाची मुळे पेन्सिली रोवाव्या तशी चिखलातून वर येऊन श्वास घेतात. पानांवर मिठाचे कण दिसतात, कारण नको असलेला खार झाड पानांवाटे बाहेर टाकते. कांदळाचे तर बी झाडावरच रुजते व कोंब फुटल्यावर खाली पडते. याच मुळांच्या आश्रयाने चिंबोऱ्या, निवट्या आणि कोळंबीची पिल्ले वाढतात. कोळ्यांच्या टोपलीचा आरंभ येथे आहे.

हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत येथे हजारो रोहित पक्षी उतरतात. मान खाली घालून, चोच उलटी धरून ते पाणी गाळतात. लहान रोहिताचे मुख्य खाद्य नीलहरित शेवाळ. त्यातील रंगद्रव्यानेच पिसे गुलाबी होतात. येथे एक भ्रम टाळावा. पक्षी पुष्कळ, म्हणून पाणी निर्मळ, असे मुलांस सांगू नये. शहरांच्या सांडपाण्याने शेवाळ माजते, आणि पक्ष्यांच्या गर्दीचे तेही एक कारण अभ्यासक मानतात. मात्र कारखान्यांतील विषारी द्रव्ये ही निराळी बाब. २०१४ साली उल्हासनगरात वालधुनीत रसायने सोडली गेली, तेव्हा काठच्या अनेक रहिवाशांस इस्पितळात न्यावे लागले. असे विष खाडीच्या गाळात साठते आणि चिंबोरीवाटे माणसाच्या ताटात परतू शकते.

भूगोलाच्या तासास मुलांकडून शाळेपासून खाडीपर्यंतचा नकाशा काढून घ्यावा. वाटेत मिळणारे नाले त्यांनी स्वतः विचारून भरावेत. नदी दाखवावयाची ती पुलावरून. वालधुनीच्या पाण्यात कोणत्याही मुलास हात घालू देऊ नये.