मिरजेत स्वागत आहे

परिषदेचा विषय आहे टूडी एकोपूर्वी, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीपूर्वी, रुग्णाला काय सांगितले जाते. स्वागत समितीचे प्रस्तुत अध्यक्ष तंतुवाद्यांचे व्यापारी. म्हणून आधी गावाविषयी आणि त्याच्या वाद्यांविषयी.

मिरज म्हटले की लोकांना डॉ. वॉन्लेस आणि त्यांचे १८९४ चे मिशन हॉस्पिटल आठवते. दवाखान्यांच्या या गर्दीत फरीदसाहेब शिकलगार मागे पडतात. घराणे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारीचे काम आटले, तसे ते वाद्यदुरुस्तीकडे वळले आणि पुढे स्वतः तंबोरे घडवू लागले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा आणावा, वाळवावा, त्यावर गळा चढवावा, घोडी घासून तारांची जवारी काढावी. ही कारागिरी आजही चालू आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. गायक अब्दुल करीम खाँसाहेब येथेच दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत. (समितीने या परिच्छेदाला पाच मिनिटे दिली होती. ती संपली.)

तंबोऱ्याचा एकोशी संबंध काय? दोन्हीकडे ध्वनीच, एकोचा कानाला ऐकू येत नाही एवढेच. १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे हृदयरोगतज्ज्ञ एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हर्ट्झ यांनी धातूतले दोष शोधणारे यंत्र उसने आणून हृदयावर लावले, तीच एकोची सुरुवात. शिकलगार तलवारीवरून तंबोऱ्याकडे आले, हर्ट्झ धातूवरून हृदयाकडे. समितीला एवढे नाते पुरते.

एकोच्या खोलीबाहेरच्या बाकावर मात्र वेगळेच चित्र असते. साध्या एकोला उपास लागत नाही, पोटाच्या सोनोग्राफीसारखी लघवीही रोखायची नसते. तरी माणसे पहाटेपासून उपाशी बसतात. त्यात मधुमेही गोळी घेऊन आलेला असेल तर साखर उतरते. उलट, अन्ननलिकेत नळी घालून करायच्या एकोला साधारण सहा तास पोट रिकामे हवे, कवळी काढायला हवी, सोबत माणूस हवा. चिठ्ठीवर नुसते ‘एको’ लिहिले तर रुग्णाने ओळखायचे कसे? छाती उघडी करावी लागेल, डाव्या कुशीवर झोपावे लागेल, हे बायकांना पडद्याआड गेल्यावर कळते. सोबत महिला कर्मचारी मागता येते, हे तर कोणी सांगतच नाही.

निवासाच्या खोल्या अपुऱ्या पडल्या, गरम पाणी सातनंतर येईल, ध्वनिक्षेपक मधूनच शिट्टी मारतो, क्षमा असावी. मंडप, दूध, भडंग आणि गाद्या देणाऱ्यांनी नावे घेऊ नका असे बजावले आहे, त्यांतल्या दोघांनी दोनदा. भोजनाची कुपने डावीकडच्या टेबलावर मिळतील. पथ्याचे जेवण हवे असेल त्यांनी आत्ताच सांगावे.