आम्ही गोळी देत नाही, मग देतो काय?

एका बचत गटाच्या बैठकीत आम्हाला थेट विचारलं गेलं, "ताई, तुम्ही डॉक्टर नाही, गोळी देत नाही, पैसेही देत नाही. मग देता तरी काय?" प्रश्न अगदी रास्त आहे.

आम्ही तिघी समुपदेशक. एकीने समाजकार्याचं शिक्षण घेतलं, दुसरी आशा ताई होती, तिसरी अंगणवाडी सेविका. पुढे तिघींनी समुपदेशनाचं प्रशिक्षण घेतलं. आजही आम्ही आमचं काम मानसोपचारतज्ज्ञांपुढे मांडतो, कुणाचंही नाव न सांगता.

आमच्याकडे येणारी बाई "माझं मन आजारी आहे" असं म्हणत नाही. डोकं ठणकतं, छातीत धडधडतं, डोळा लागत नाही, घास उतरत नाही, असं सांगते. सलाइन झालेलं असतं, देवऋषीही झालेला असतो. तपासण्यांत काही निघत नाही, मग घरचे म्हणतात, नाटकं करते. नाटकं नसतात ती.

पहिल्या भेटीत आम्ही फार बोलत नाही. "पोरांकडे बघून दिवस काढ" हे तिने इतक्यांदा ऐकलेलं असतं, की तिचं तोंडच बंद झालेलं असतं. ते उघडायला वेळ द्यावा लागतो. मग विचारतो, यातलं सगळ्यात जास्त काय टोचतं? नवऱ्याची दारू, फायनान्सचा हप्ता, सासूचे बोल, दुखणारी कंबर, सगळं एकाच गाठोड्यात असतं. त्यातलं एकच बाहेर काढायचं. समजा, हप्ता. किती फिटलं, किती राहिलं, कुणाशी बोलता येईल, हे तिनेच सांगायचं. पुढच्या भेटीपर्यंत जमेल एवढंच एक पाऊल ठरवायचं. नाही जमलं तर पाऊल मोठं होतं, ते छोटं करायचं. कुणासाठी सुटलेल्या भजनाला पुन्हा जाणं हेच पाऊल असतं. नवऱ्याला सोड किंवा नांद, हे आम्ही सांगत नाही. मारहाण असेल तर कायदा काय म्हणतो आणि संरक्षण अधिकारी कुठे भेटतील ते सांगतो. निर्णय तिचा.

ही पद्धत काही आमचीच नाही. आफ्रिकेत झिम्बाब्वेच्या हरारे शहरात डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६च्या सुमारास चौदा आजीबाईंना शिकवून दवाखान्याच्या आवारात बाकांवर बसवलं. तिथल्या बायका या दुखण्याला जे नाव देतात त्याचा अर्थ 'फार विचार करणं'. आपल्याकडे "लई विचार येतात" म्हणतात, तेच. २०१६ साली छापून आलेल्या अभ्यासात आजींशी बोललेल्यांचा त्रास, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा, सहा महिन्यांनी बराच कमी दिसला.

गावात खरी भीती असते ती बभ्रा होण्याची. म्हणून पहिल्याच भेटीत सांगतो: इथलं बोलणं सासूला, सरपंचाला, गटाच्या अध्यक्षांनाही कळणार नाही. अपवाद एकच, जीव धोक्यात असेल तर. तेव्हाही कुणाला सांगतोय हे आधी तिला सांगतो.

आणि जिवाचं आम्ही सरळ विचारतो, "मरावंसं वाटतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून बाई रडून मोकळी होते. तुम्हीही जावेला, शेजारणीला विचारू शकता. ती "हो" म्हणाली तर ओरडू नका, शपथा घालू नका, तिला एकटं सोडू नका. फवारणीचं औषध घरातून हलवा, कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. पोलिसांच्या भीतीने गप्प बसू नका. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं. तिला शिक्षा नाही, उपचार मिळायला हवेत.

रात्री-अपरात्री कुणी जवळ नसेल तर सरकारच्या टेली मानस सेवेचा नंबर लिहून घ्या, १४४१६. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. फोन नवऱ्याच्या खिशात असतो, ते आम्हाला ठाऊक आहे. म्हणून गटाच्या बैठकीच्या दिवशी अर्धा तास आधी या. बाई बैठकीला लवकर गेली, तर कुणी काही विचारत नाही.