आमची पोरे आणि शाळेचा पट

(विलेपार्ले पूर्व येथील जाहीर सभेत एका गिरणी कामगाराने केलेले भाषण)



आमच्या आधी जे बोलून गेले ते शिकलेले लोक. आमची शाळा चौथीतच सुटली. आमच्या बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतील, पण त्या तुम्हाला ऐकू येणार नाहीत हे एक बरे आहे. (हशा) छापल्यावर मात्र दिसतील. म्हणून हे भाषण छापायला देण्याआधी आमच्या मुलीकडून तपासून घेणार आहोत. ती चौथीत आहे आणि लाल पेन्सिल चालवायला तिला फार आवडते.

बेळगाव-निपाणीचा प्रश्न आधीच्या वक्त्यांनी मांडला. आम्ही शाळेबद्दल बोलणार. कोणी म्हणेल, भाषेच्या सभेत हे शाळेचे काय काढले? तर बाबांनो, भाषा पोराच्या तोंडात राहते, आणि पोर दिवसाचे पाच तास शाळेत असते. तिथे काय चालले आहे ते आम्ही बघितले नाही, तर इथे कितीही घसा फोडला तरी काय उपयोग?

आधी आमच्या घरचे सांगतो. आमचे वडील परळच्या बाजूला साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांतले ते एक. पुढे त्यांची गिरणी बंद पडली, वडील गावी गेले, गावी भागेना म्हणून परत आले आणि पार्ल्यात हायवेच्या बाजूला खोली घेऊन राहिले. आमचा जन्म त्या संपानंतरचा. संप आम्ही पाहिला नाही, पण तो आमच्या घरात जेवायला बसायचा. चौथी झाली आणि आम्हाला चहाच्या गाडीवर ठेवले. कपबश्या विसळायच्या. वडिलांना दोष देत नाही. त्यांनी ज्या दिवशी आमचे दप्तर खुंटीवरून काढून धाकट्या भावाला दिले, त्या दिवशी ते जेवले नाहीत, एवढे आठवते.

आज आम्ही कापडावरच आहोत. गिरणगावातल्या गिरण्यांच्या जागी टॉवर आणि मॉल उभे राहिले. आम्ही अंधेरीच्या बाजूला एका कारखान्यात पाळीने काम करतो. तोंडातली सवय जात नाही, म्हणून आम्ही त्याला गिरणीच म्हणतो. दहा बाय बाराची खोली, दोन मुले, म्हातारी आई. दुसरी पाळी असली की आम्ही रात्री बाराला घरी येतो. मुले झोपलेली असतात. मुलीची वही उशाशी उघडी ठेवलेली असते, सही करायला. सही करण्याआधी आम्ही तो धडा वाचतो. तिच्यासाठी नाही, आमच्यासाठी. पहिलीपासून तिच्याबरोबर सगळी पुस्तके आम्ही पुन्हा वाचली. आता ती चौथी संपवते आहे. जूनमध्ये पाचवीचे पुस्तक आमच्या घरात येईल. मोठ्या भावंडांत आम्ही पहिले, आणि आमच्या दप्तरात ते कधी आले नव्हते.

आणि नेमका ह्याच वर्षी शाळेतून निरोप आला की, पाचवीचा मराठी वर्ग बंद होणार. का? तर पट कमी. मुले हायवेपलीकडच्या शाळेत पाठवा.

शाळेचे नाव आम्ही घेत नाही. एका शाळेपुरती ही गोष्ट असती तर आम्ही इथे उभे राहिलो नसतो. हायवे तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. दहा वर्षांच्या पोरीने तो रोज दोनदा ओलांडायचा. मुलीची आई म्हणाली, "मग हिला इंग्रजीत टाकू. निदान शाळा तरी अलीकडे आहे." आम्ही म्हटलं, "भाषेच्या सभेत बोलणार आणि पोर इंग्रजीत घालणार?" ती म्हणाली, "सभेत तुम्ही बोलता. हायवेवर ती जाणार." आठ दिवस आमच्या घरात ह्यावरून बोलणे बंद होते. खरे सांगायचे तर उत्तर आमच्याजवळ नव्हते. आमच्या चाळीतल्या निम्म्या लोकांनी पोरे इंग्रजीत घातली आहेत, आणि त्यांना आम्ही बोल लावत नाही. ज्याने हात जोडून साहेबापुढे उभे राहून अर्ज वाचून घेतला आहे, त्याला पोराच्या तोंडी इंग्रजी हवे असते. इंग्रजी आम्हालाही हवे. पण समजत नाही त्या भाषेत सहा वर्षांच्या पोराला बेरीज शिकवली, तर बेरीजही जाते आणि भाषाही जाते, हे आम्ही शेजारच्या खोलीत रोज बघतो.

मग आम्ही युनियनमध्ये शिकलो होतो तसे केले. मालक जेव्हा म्हणतो की माल उठत नाही, तेव्हा आधी गोदाम बघावे. पट कमी आहे म्हणता? बघू या पोरे कुठे आहेत. दोन रविवार आम्ही चौघेजण वही घेऊन खोली-खोली फिरलो. बायका पुढे, आम्ही मागे, कारण पुरुषाने विचारले की घर म्हणते, "जातो शाळेत." बाईने विचारले की खरे निघते. पोरे होती! कोणी धाकट्याला सांभाळत होते. एकाची आई पहाटे पाच घरची कामे धरून होती, आणि पोराला शाळेत न्यायला माणूस नव्हते. आणि चार घरी एकच उत्तर मिळाले: "गेलो होतो. जन्माचा दाखला नाही म्हणाले. पुढच्या वर्षी या म्हणाले."

मंडळी, पट कमी का, ते आता ध्यानात आले ना? खिडकीतून पोर परत पाठवायचे, आणि मग पट कमी म्हणून वर्गाला कुलूप घालायचे.

आमची मुलगीही मामाच्या गावी जन्मली, तिच्या नावाची नोंद राहून गेली होती. पहिलीच्या वेळी आम्हीही त्या खिडकीतून परत आलो होतो. दोन खाडे झाले. तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हते ते आता सांगतो, नीट ऐका. २००९ सालचा शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याचे चौदावे कलम म्हणते की वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलाचा प्रवेश नाकारता येणार नाही. जन्माचा दाखला नसेल तर दवाखान्याच्या किंवा अंगणवाडीच्या नोंदवहीतला उतारा चालतो. तोही नसेल तर आईबापांनी वयाबद्दल लिहून दिलेले प्रतिज्ञापत्र चालते. पंधरावे कलम म्हणते, उशिरा आलेल्या मुलालाही घ्यावे लागते. पुढच्या वर्षी या, असे सांगता येत नाही. आणि आपल्या राज्याच्या नियमात पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी, असे लिहिले आहे. आमच्या वर्गाचा जीव ह्या तीन ओळींत होता. त्या ओळी आम्हाला वकिलाने दाखवल्या नाहीत, युनियनच्या कचेरीतल्या जुन्या कपाटात पुस्तिका होती, तिच्यात सापडल्या.

ह्या ओळी कोणी फुकट दिलेल्या नाहीत. १८८१ सालच्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालचे मूल कामावर घ्यायला बंदी केली. म्हणजे सात वर्षांचे घेता येत होते! ते दिवसाला नऊ तास राबायचे. त्या पोरांचा पट म्हणजे गिरणीचे मस्टर. दुसऱ्याच वर्षी, १८८२ साली, जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे लिहून दिले की सरकारची तिजोरी कष्टकऱ्याच्या घामाने भरते आणि शिक्षणाचा पैसा वरच्यांवर खर्च होतो. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. सरकारने ऐकले नाही. गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या शिक्षणाचे बिल आणले, तेही पडले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली मोफत आणि सक्तीचे शिक्षण सुरू केले, आणि पोर शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड लावला. आज तसा दंड लावायचा तर बापाला लावावा की खिडकीतल्या कारकुनाला, ह्याचा विचार करावा लागेल. (टाळ्या)

आता वर्षांचा हिशेब बघा. राज्यघटना लागू झाली २६ जानेवारी १९५० ला. तिच्या पंचेचाळिसाव्या कलमात वचन होते की दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्याचा राज्य प्रयत्न करील. दहा वर्षे म्हणजे १९६० साल. त्याच १९६० साली, १ मे ला, फ्लोरा फाउंटनला सांडलेल्या रक्ताची किंमत देऊन आपण महाराष्ट्र मिळवला. राज्य आले, आणि वचनाची मुदत भरून गेली. पोरांचा कायदा यायला आणखी पन्नास वर्षे लागली. त्या पन्नास वर्षांत आम्ही कपबश्या विसळत होतो.

कायदा आला तरी सांभाळावा लागतो. खासगी शाळांत गरिबांसाठी पहिल्या वर्गाच्या पंचवीस टक्के जागा ठेवल्या आहेत. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्यात नियम बदलला: सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल, तर खासगी शाळेला त्या जागा माफ. पालक आणि संघटना कोर्टात गेल्या. १९ जुलै २०२४ ला मुंबई हायकोर्टाने तो बदल रद्द केला. पुढच्या वर्षी १६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा निर्णय निघाला, केवढे वादळ उठले, आणि २९ जूनला तो मागे घेतला गेला. त्या रात्री आम्हीही ताशा बडवला, खोटे कशाला सांगू! पण दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाला शाळेत सोडायला गेलो तर पहिलीच्या वर्गावर बाई नव्हत्या. शाळा उघडल्यापासून बहुतेक दिवस नव्हत्या. त्यासाठी ताशा कोणी वाजवला नव्हता, आम्हीसुद्धा नाही.

आमच्याच पार्ल्याचे बघा. १ ऑगस्ट १९२० ला लोकमान्य गेले. पार्लेकरांनी पुढच्या वर्षी त्यांच्या नावाने शाळा काढली. ते टिळक विद्यालय शंभरी ओलांडून उभे आहे. त्याच संस्थेची इंग्रजी शाळाही आज आहे, काळ कसा फिरला ते त्यावरून कळते. ज्या गावाने पुढाऱ्याचे स्मारक म्हणून मराठी शाळा काढली, त्याच गावात हायवेलगतच्या झोपडीतल्या पोरांसाठी एक वर्ग जगवायला आम्हाला रविवार-रविवार हिंडावे लागले. पार्ल्याचे पुस्तकी कौतुक पुष्कळ झाले आहे. आमच्या बाजूचे पार्ले त्यात क्वचित येते. बिस्किटाच्या कारखान्याचा वास मात्र दोन्ही बाजूंना सारखा यायचा, आणि २०१६ साली तोही बंद झाला.

तर पुढे काय झाले? कायद्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक, आणि निम्म्या बायका असल्याच पाहिजेत. आमच्याकडे समिती कागदावर होती. सभा सकाळी अकराला. अकराला कोणता कामगार मोकळा असतो? आम्ही मागितले ते एवढेच: सभा शनिवारी संध्याकाळी घ्या. मिळाले. मुलीची आई तिच्यावर निवडून आली. तिचे शिक्षण पाचवी, म्हणजे आमच्याहून एक इयत्ता जास्त, आणि ती हे विसरू देत नाही. पहिल्या सभेत ती उठली, हातपाय कापत होते, आणि तिने मराठीत विचारले, "बाई, ही आमच्या वहीतली पोरं. ही घेतली तर वर्ग राहतो का?" बाईंनी मोजले. राहत होता. मुख्याध्यापकांनी वर कागद पाठवला. माणूस वाईट नव्हता, त्यांनाही वर्ग हवाच होता. पण कोणी विचारत नव्हते.

वर्ग ह्या वर्षापुरता राहिला आहे. पुढल्या वर्षाचे लेखी काही नाही. वहीतल्या दोन पोरांची घरे मध्येच रिकामी झाली, ती कुठे गेली कळले नाही. हेही सांगितले पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल सगळे जमले.

आणखी एक. आमच्या वहीत तेलुगू घरची पोरे होती, हिंदी बोलणारी होती. एक कार्यकर्ता म्हणाला, "ती कशाला लिहिता? आपली नाहीत." आम्ही लिहिली. मुंबई महापालिकेच्या शाळा आठ भाषांत चालत आल्या आहेत. आणि घटनेत ३५० अ कलम आहे, ते १९५६ सालचे, राज्यांची फेररचना झाली त्याच वेळचे: भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्याने करावी. बेळगावचे मराठी पोर ह्याच कलमावर हक्क सांगते. तिकडे जे कलम आम्ही आमचे म्हणतो, ते इकडे शेजाऱ्याच्या पोराला नाकारायचे कोणत्या तोंडाने?

आमची पाळी आज रात्रीची आहे, तेव्हा आवरतो. येत्या शनिवारी साडेसहाला समितीची सभा आहे. ज्यांना यायचे त्यांनी पोरे घेऊन या, पोरांना बघायला दोन मुली बसणार आहेत. आणि ज्यांच्या पोरांचा जन्माचा दाखला नाही, त्यांनी सभा सुटल्यावर ह्या डाव्या हाताच्या खांबाजवळ थांबावे. कागद आणले आहेत, पेने दोन आहेत. लिहिता येत नसेल त्याचे आमची मुलगी लिहून घेईल.